शालेय सांघिक खेळांचे नियम आणि हंगाम : महाराष्ट्रातील घडण

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. लक्ष्मीपल्लीनाथाच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. अशा गावातील शाळेचा संघ तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे रत्नागिरीस, सामन्यासाठी निघतो तेव्हा त्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. गावात ज्या नियमांनी खेळ खेळला जातो त्याच नियमांनी तो परक्या मैदानावरही खेळला जाईल, ही पहिली. आणि ठरलेल्या दिवशी ठरलेला सामना होईल, ही दुसरी. पहिली गोष्ट नियमांची, दुसरी हंगामाची. दोन्ही आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांनाही इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तो फार जुना नाही आणि त्याचे दोन्ही भाग सारख्याच पूर्णतेला पोचलेले नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

एका आळीतील मुलांना लेखी नियमांची गरज नसते. डाव कोठून सुरू करावयाचा, कोणत्या झाडापलीकडे गेले म्हणजे गडी बाद, पाळी केव्हा बदलावयाची, हे सर्व त्यांना ठाऊक असते. आणि वाद उद्भवलाच तर वयाने मोठा असलेला भिडू तो मिटवितो. दोन गावांची अथवा दोन शाळांची मुले समोरासमोर आली म्हणजे मात्र हा समान संकेत तुटतो. नियम लिहिण्याची निकड खेळ अवघड झाल्यामुळे निर्माण होत नाही, तर खेळणारे परस्परांना अपरिचित असल्यामुळे निर्माण होते.

फुटबॉलच्या इतिहासात ही गोष्ट स्पष्ट दिसते. इंग्लंडातील ईटन, हॅरो, रग्बी इत्यादी शाळांत हा खेळ आपापल्या रीतीने चाले. एका शाळेत चेंडू हातात घेऊन धावणे शास्त्रशुद्ध, तर दुसरीत तोच अपराध. या शाळांतील विद्यार्थी केंब्रिज येथे एकत्र आले तेव्हा एकत्र खेळणेच अशक्य होऊन बसले आणि त्यातून १८४८ चे केंब्रिज नियम निघाले. पुढे २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तेथेही प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी या प्रश्नावर मतभेद होऊन ब्लॅकहीथचा संघ बाहेर पडला. एकमत होणे म्हणजे कोणाला तरी आपल्या घरची रीत सोडावी लागणे, हे या प्रसंगावरून लक्षात येते.

२

महाराष्ट्रात हाच प्रश्न खो-खो, हुतूतू आणि आट्यापाट्या यांच्या बाबतीत उभा राहिला. हे खेळ जुने आहेत. हमामा, हुंबरी, हुतूतू ही नावे संतांच्या अभंगांतून गोपाळांच्या क्रीडांच्या वर्णनात येतात. पण खेळ जुना असणे निराळे आणि त्याचे नियम जुने असणे निराळे. प्रत्येक प्रांताची, किंबहुना प्रत्येक गावाची, तऱ्हा वेगळी होती.

इ. स. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांसाठी समिती नेमली. बडोद्यास हिंद विजय जिमखान्याने याच कामात पुढाकार घेतला. १९१९ च्या सुमारास खो-खोचे मैदान लंबवर्तुळाकार आखले जाई. त्याची मधली रेषा ४४ फूट व रुंदी १७ फूट धरलेली होती. आजचे मैदान आयताकृती आहे. मैदानाचा आकारच बदलतो म्हणजे पळणाऱ्या गड्याची वळणे, हुलकावणी, खांबाचा उपयोग, असे सारे डावपेच बदलतात. १९२३ मध्ये बडोद्यास निश्चित नियमांनुसार हुतूतूचे सामने भरविण्यात आले आणि १९२३-२४ च्या सुमारास आंतरशालेय स्पर्धांचा पाया घातला गेला. पुणे आणि बडोदे यांच्या नियमांत फरक होता. तो मिटविण्याचे काम १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने हाती घेतले. तज्ज्ञांशी विचारविनिमय करून या मंडळाने १९३५ मध्ये खो-खो व आट्यापाट्या यांच्या नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९३६ पासून, दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली बडोद्याहून ‘व्यायामज्ञानकोशा’चे खंड निघू लागले व त्यांची संख्या दहापर्यंत गेली.

या सर्व खटाटोपाच्या मध्यभागी शाळा होती, हे विशेष. आखाडा आणि तालीम यांना आपापली परंपरा व आपापले वस्ताद होते. शाळेला मात्र छापील पुस्तकाची गरज होती, कारण तेथे खेळ शिकविणारा शिक्षक बदलून जाई आणि मुले तर दरवर्षीच बदलत. पुस्तकातील नियम हा जणू कधीही बदली न होणारा शिक्षक ठरला.

३

नियमांचे हे पुस्तक मराठीत लिहिले गेले, आणि त्यामुळे ते भाषेच्या अभ्यासकालाही महत्त्वाचे वाटावे असे आहे. त्यातील शब्द तीन ठिकाणांहून आले आहेत.

पहिला साठा मुलांच्याच तोंडचा. खो, डाव, पाळी, पाटी, दम, पकड हे शब्द मैदानावर घडले आणि जसेच्या तसे पुस्तकात आले. त्यांपैकी काही तर मैदान सोडून साऱ्या भाषेत पसरले. आट्यापाट्यांत शेवटच्या पाटीपलीकडे जाऊन परतणाऱ्या गड्याचे ‘लोण’ आणि हुतूतूत सगळा प्रतिपक्ष बाद केल्यावर चढणारे ‘लोण’ यांचा विसर पडलेली माणसेही एखाद्या चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचल्याचे सहज लिहितात. एखाद्याच्या कामात ‘खो घालणे’ हाही असाच प्रयोग. मात्र खेळात खो मिळाला म्हणजे गडी उठून धावतो आणि व्यवहारात खो बसला म्हणजे काम थांबते, हा अर्थाचा उलटा प्रवास लक्षणीय आहे.

दुसरा साठा गावगाड्यातला आणि दप्तरातला. निवाडा देणाऱ्यास ‘पंच’ आणि त्याच्यावरील अधिकाऱ्यास ‘सरपंच’ ही नावे गावच्या न्यायदानातून आली. ‘बाद’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठी हिशेबात रुळलेला. वजा झालेल्या रकमेस तो लागे. मुले पूर्वी गडी ‘मेला’ म्हणत. नियमाने त्याला ‘बाद’ केले. मृत्यूच्या जागी वजाबाकी आली. तरीही जुनी कल्पना पुरती गेली नाही. हुतूतूच्या ज्या पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत येतो, तिला ‘संजीवनी’ हे नाव राहिले. ‘गामिनी’ पद्धतीत सगळा संघ बाद होईपर्यंत कोणी परतत नसे. ‘अमर’ पद्धतीत तर स्पर्श झालेला गडी मैदान सोडतच नसे, केवळ गुण मोजला जाई. पुढे सर्वमान्य झाली ती संजीवनीचीच रीत.

तिसरा साठा नव्याने घडविलेल्या संज्ञांचा. ‘निदान रेषा’ ही त्यांतील सर्वांत समर्पक म्हणावी लागेल. चढाई करणाऱ्याने निदान एवढी रेषा तरी ओलांडलीच पाहिजे, हा संपूर्ण नियम त्या एका शब्दात सामावला आहे. संस्कृतात ‘मूळ कारण’ असा अर्थ असलेल्या ‘निदान’ शब्दाला मराठीने दिलेला ‘किमान’ हा अर्थ येथे कामी आला आहे.

दमाचा नियम तर भाषेवरच उभा आहे. श्वास डोळ्यांना दिसत नाही. तो अखंड आहे की तुटला हे पंचाला ऐकूनच ठरवावे लागते. म्हणून शब्द हवा. महाराष्ट्रात तो ‘हुतूतू’ होता, बंगालात ‘हाडुडु’, तमिळ प्रदेशात ‘चेडुगुडु’. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाल्यावर ‘कबड्डी’ हा एकच उच्चार मान्य ठरला. प्रांताप्रांतांचे संघ एकमेकांशी खेळावयाचे तर पंचाच्या कानाला एक शब्द ओळखीचा असावा, हे त्यामागचे कारण रास्त होते. पण त्याबरोबर मराठी मुलांच्या तोंडचे एक जुने नाव नियमाबाहेर गेले, हेही खरे.

४

नियम लिहिले गेल्याने आणखी एक गोष्ट मैदानाबाहेर गेली. मराठी मुलांच्या खेळात ‘कच्चे लिंबू’ नावाचे एक पद असते. धाकटा भाऊ, दुबळा सवंगडी, नुकताच खेळू लागलेला पोर यांना खेळात घ्यावयाचे, पण त्यांचे बाद होणे मोजावयाचे नाही, असा हा संकेत. कोणत्याही नियमपुस्तकात त्याला स्थान नाही आणि असूही शकत नाही, कारण सामन्यात सवलत दिली की तो पक्षपात ठरतो. त्याच्या जागी वयोगट आले. शालेय स्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील हे गट म्हणजे दुबळ्याला सांभाळून घेण्याच्या जुन्या वृत्तीचे कायदेशीर रूप होय. पूर्वी कोणाला सांभाळावयाचे हे सवंगडी ठरवीत. आता ते जन्मतारखेचा दाखला ठरवितो.

या बदलाची खंत करण्याचे कारण नाही. गावातील समजुतीने चालणारा न्याय घरच्या मुलाला सोयीचा असतो, पाहुण्याला नव्हे. पालीचा संघ परक्या मैदानावर उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा तेथे कोणी नसतो. छापील नियम तेवढा असतो. लहान शाळेला मोठ्या शाळेच्या बरोबरीने उभे करण्याचे काम नियमाने केले, आणि हे त्याचे खरे मोल आहे.

५

येथवरचा इतिहास नियमांचा झाला. हंगामाचा इतिहास याच्याशी जोडलेला असला तरी त्याची गती निराळी आहे.

सामने भरविण्याच्या मुख्य पद्धती दोन : बाद पद्धत आणि साखळी पद्धत. बाद पद्धतीत हरलेला संघ घरी जातो. साखळीत प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळतो. साखळीचा प्रसिद्ध आरंभ फुटबॉलचा. इंग्लंडात चषकाच्या सामन्यांत लवकर हरलेल्या संघांना पुढे निश्चित सामने मिळत नसत. ठरलेले मैत्रीचे सामनेही ऐन वेळी रद्द होत. ही अनिश्चितता दूर करण्यासाठी ॲस्टन व्हिला संघाच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली व प्रत्येक संघाच्या वाट्याला २२ सामने आले. विजेता निवडणे हा साखळीचा एक हेतू. पण सर्वांना खेळावयास मिळणे हा तिचा मूळ हेतू.

मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषकाचे बाद सामने सुरू झाले, तर १९०२ मध्ये हारवुड लीगच्या रूपाने फुटबॉलची साखळी आली. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही तर या दृष्टीने अपूर्व घटना होय. क्रिकेट हा कोरड्या ऋतूचा खेळ. पण ही साखळी मुद्दाम पावसाळ्यात ठेवण्यात आली. ओल्या मैदानावर खेळ कसा करावा हेच तिने मुंबईच्या खेळाडूंना शिकविले. हंगाम निसर्ग देतो खरा, पण त्याचा उपयोग कसा करावयाचा हे माणसे ठरवितात.

शालेय स्पर्धांनी मात्र बहुतांशी बाद पद्धतीचाच मार्ग धरला. १९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला. १९६० मध्ये शाळांच्या फुटबॉलसाठी हवाई दलाने सुब्रतो चषक सुरू केला. १९६२ मध्ये कबड्डीचा शालेय स्पर्धांत समावेश झाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी ही उतरंड आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा विभाग कोल्हापूर. वरच्या पायरीवर ठरलेल्या तारखेस संघ पोचवावयाचा असल्याने खालच्या पायऱ्या घाईने उरकाव्या लागतात. फुटबॉलच्या निवड फेऱ्या तर भर पावसाळ्यात येतात.

कोकणचा स्वाभाविक हंगाम याच्याशी जुळत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरीत पडणारा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. सपाट जागा म्हणावी तर एकतर भातशेतीखाली, नाहीतर जांभ्या दगडाचा कातळ. कातळावर खो-खोचा खांब रोवता येत नाही आणि पकडीत पडलेल्या गड्याची कातडी शाबूत राहत नाही. भाताची कापणी उरकली, जमीन वाळली, म्हणजे खरी मैदाने मोकळी होतात. गावोगावचे कबड्डीचे सामने त्यानंतर, शिमग्याच्या आगेमागे रंगतात, ते यामुळेच. शाळेचा संघ मात्र तोवर हरून मोकळा झालेला असतो.

येथे साध्या गणिताचा आधार घेता येतो. तालुक्यातील सोळा शाळा बाद पद्धतीने खेळल्या तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो. पण आठ शाळांच्या वाट्याला वर्षातून एकच सामना येतो. पूर्ण साखळीस १२० सामने लागतील, ते शक्य नाही. परंतु चार-चार शाळांचे चार गट करून प्रत्येक गटात साखळी खेळविली व गटविजेत्यांत उपान्त्य आणि अन्तिम सामने ठेवले, तर एकूण सामने सत्तावीस होतात. केवळ बारा सामने अधिक. आणि प्रत्येक शाळेस किमान तीन सामने निश्चित. गट जवळच्या शाळांचे केल्यास प्रवासही थोडा. कापणीनंतरचे महिने त्यासाठी मोकळे असतात. पुढील वर्षाच्या उतरंडीसाठी संघ त्यातूनच तयार होऊ शकेल.

६

खेळाचे नियम सर्वांना समान व्हावेत म्हणून पुणे-बडोद्याच्या मंडळींनी १९१४ पासून १९३५ पर्यंत, दोन दशकांहून अधिक काळ, खल केला. त्या श्रमांमुळे पालीच्या मुलाला रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या किंवा दिल्लीच्या मैदानावर तोच नियम लागू होतो. खेळण्याची संधी मात्र समान झालेली नाही. वर्षभर सराव करून एका सकाळच्या सामन्यात ज्याचा हंगाम संपतो, त्याला नियमांच्या समतेचा लाभ एकच तास मिळतो. नियमपुस्तकातील ‘निदान’ हा शब्द मैदानावरील एका रेषेपुरता न ठेवता वेळापत्रकालाही लागू केला पाहिजे. प्रत्येक शाळेस निदान किती सामने मिळावेत याचे उत्तर लेखी स्वरूपात मिळेल, तेव्हाच १९१४ मध्ये सुरू झालेले ते काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.