छप्पर, बैल आणि सर्वोच्च न्यायालय

जुन्नर-आंबेगावात अशी घरं अजून दिसतात, जिथं माणसांच्या खोलीवर जुना पत्रा असतो आणि गोठ्यात मात्र पंखा फिरत असतो, खाली रबरी मॅट अंथरलेली असते. पहिल्यांदा बघणारा हसतो. इथला माणूस हसत नाही, तो फक्त विचारतो, "बैल कुणाचा?"

माझ्या मामूंचं घर असंच होतं, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका गावात. ते गाडामालक होते, म्हणजे घाटात पळणारा एक बैल बाळगून होते. पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागत. बैलाला मात्र शाळूचा कडबा, उडदाचं पीठ, दूध आणि शर्यतीच्या हंगामात अंडी. मुमानी (आमच्यात मामीला मुमानी म्हणतात) दरवर्षी मृगाच्या सुमारास एकच वाक्य बोलायची, "अजी, छप्पर टपकता, और तुमारे बैलां अंडे खाते?"

मामू हसायचे आणि दरवेळी वेगळं उत्तर द्यायचे. ती उत्तरं त्यांची एकट्याची नव्हती. चारही तालुक्यांतले म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरचे गाडामालक घरात हीच उत्तरं देत आले आहेत. ती कुठून आली आणि काळाबरोबर कशी बदलली, ते मला मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. फार काळ हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. कोरडवाहू गावात नांगर, पाभर, मोट, खळ्यावरची मळणी, बाजाराची गाडी, सगळं बैलावर होतं. बैल गेला की घर गेलं. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर शेतकऱ्याच्या कर्जाची मोठी चर्चा झाली. शिकलेले लोक तेव्हा बोट दाखवायचे ते लग्नातल्या खर्चाकडे. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हे खापर शेतकऱ्याच्या हौसेवर फोडू दिलं नाही. पण बैलावर केलेला खर्च ही उधळपट्टी, असं म्हणायचं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसतं. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचण्यासारखं आहे. कर्जदाराच्या कुठल्या वस्तूंवर जप्ती आणता येणार नाही, याची यादी त्यात आहे. पहिल्या नोंदीत कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. लगेच दुसऱ्या नोंदीत शेतकऱ्याची अवजारं, बियाणं आणि पोट भरण्यापुरती जनावरं. मुमानीची भांडी आणि मामूंचा बैल कायद्याने एकाच पानावर शेजारी ठेवलेत.

त्या जुन्या व्यवस्थेत गावच्या मुसलमानाचं बैलाशी नातं बहुतेक वेळा मालकाचं नव्हतं. तो नालबंद होता, मुलाणी होता, खाटीक होता, बाजारातला दलाल होता. माझे नाना नालबंद. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून, खुरांना पत्र्या मारायच्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे बैल हाताळले. खुराकडे बघून बैलाचं वय, चाल आणि मालकाची ऐपत सांगायचे. नानांच्या दावणीला मात्र शेवटपर्यंत एक शेळी होती. मामूंच्या नादाचा उगम मला तिथं दिसतो, घाटात नाही.

मग विजेचे पंप आले आणि मोट थांबली. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. (डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गावच आता दिसत नाही.) कालव्यांखाली ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आले, नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढला, ट्रॅक्टर दारात आला. पैसा आला आणि बैलाचं काम गेलं. खरं तर तेव्हाच बैल कमी व्हायला हवे होते. शेतीचे बैल कमी झालेही. पण घाटात पळणाऱ्या बैलाची किंमत वाढत लाखांत गेली. घराघरांत बायकांचा प्रश्न सुरू झाला तो इथून, कारण बैल आता पोट भरत नव्हता, त्याचंच पोट भरावं लागत होतं.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा 'घाट' म्हणजे चढावर केलेली धावपट्टी. हलक्या गाड्याला चार बैल, दोन धुरेला, दोन पुढे जुकाटाला, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात. वेळ सेकंदांत मोजतात. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि त्यासाठी वर्षभराचा खुराक. चारही बैल एकाच मालकाचे क्वचितच असतात. तीन-चार मालक एकत्र येऊन गाडा जुंपतात आणि लाउडस्पीकरवर सगळ्यांची नावं पुकारली जातात.

मामूंची उत्तरं यातूनच यायची. पहिलं उत्तर नवसाचं. नागापूरच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेच्या यात्रेत नवसाचे गाडे पळतात. खंडोबाचा नवस मामूंचा नव्हता, त्यांच्या भागीदाराचा होता. पण गाड्याला बैल कमी पडत असेल तर नाही कसं म्हणायचं? शब्द दिलाय, एवढंच ते म्हणायचे.

दुसरं उत्तर लेकराचं: "बैल नाही तो, घरातला पोरगा आहे." यावर मुमानी म्हणायची, मग त्याला पण शाळेत घाला, माझ्या पोरांची फी तरी निघेल.

तिसरं उत्तर हिशेबाचं. बैल म्हणजे गुंतवणूक, बक्षीस मिळेल, विकला तर दुप्पट येतील. मी बी.एड. करत असताना सुट्टीत एकदा वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. बक्षीस चार बैलांच्या मालकांत वाटलं जायचं, त्यातून घोडीवाला आणि टेम्पो भाडं जायचं. खुराकाच्या रकान्याची बेरीज अर्धी झाल्यावर मामूंनी वही मिटली आणि चहा मागवला. काही मालकांना बैलाने खरंच पैसा दिला, हेही खरं. पण बहुतेकांसाठी हे उत्तर बायकोला द्यायचं असतं, ते स्वतःसाठी नसतं.

मुमानी दीनदार बाई. तिने एकदा थेट इस्राफ हा शब्द वापरला, म्हणजे गरज नसताना केलेली उधळण. मामूंनी घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला. फिक्हमध्ये घोडा, उंट आणि तीर यांच्या स्पर्धेत बक्षीस ठेवायला परवानगी आहे हे खरं, कारण ती लढाईची तयारी मानली जायची. त्या यादीत बैल नाही, आणि पैज तर कशावरच चालत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मामू म्हणाले, "मास्तर, तू शाळेतच शिकव."

त्यांचं खरं उत्तर मी फक्त एकदा ऐकलं, तेही मुमानी समोर नसताना. "घराला रंग दिला तर आळी बघेल. बैल पळाला तर चार गावं नाव घेतात. तुझ्या नानांना कुणी नावानं हाक मारली होती का? नालबंद म्हणायचे." खंडोबाच्या यात्रेत स्पीकरवर एका शेखचं पूर्ण नाव, पाटलांच्या नावाशेजारी, तेही गुलालात. पत्रा बदलून हे मिळालं नसतं. हे उत्तर मला पटतं असं नाही. पण गावात मुसलमानाला नाव मिळवायचे रस्ते किती होते, हे मोजल्याशिवाय ते खोडताही येत नाही.

पुढे हाच प्रश्न दिल्लीतून आला. 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैल हा शरीरानं पळण्याचा प्राणी नाही, माणसाच्या करमणुकीसाठी त्याला यातना देता येणार नाहीत, असं म्हटलं. मुमानीला बैलाच्या यातनांचं फारसं काही नव्हतं, पण निकालावर ती खूश होती. मी मात्र न्यायालयाचा तो मुद्दा हलका समजत नाही. बैलाला टोचणं, काठी, शेपटी पिरगाळणं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

गंमत अशी की आता गाडामालकांना जे घरात तोंडी चालायचं ते कागदावर द्यावं लागलं. 'नाद आहे' असं प्रतिज्ञापत्रात लिहिता येत नाही. म्हणून नवी उत्तरं तयार झाली: देशी गोवंश टिकवायचाय, खिल्लार जात वाचवायचीय, ही संस्कृती आहे, यात्रेवर गावचं अर्थकारण चालतं. 2017 मध्ये राज्यानं याच आधारावर कायदा केला, त्यात छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं शर्यतींना रोखलं. परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 ला आणि घटनापीठानं कायदा उचलून धरला 18 मे 2023 ला. ही उत्तरं खोटी नाहीत. खिल्लारचे चांगले खोंड आज बऱ्याच अंशी शर्यतीमुळेच पाळले जातात. पण वकिलांनी लिहून दिलेली उत्तरं पुढं मामूंच्याही तोंडी आली, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं.

बंदीची सात वर्षं म्हणजे बैलाचं अख्खं पळण्याचं आयुष्य. मामूंचा बैल दावणीला म्हातारा झाला. त्यातच मार्च 2015 मध्ये राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. आधी म्हाताऱ्या बैलाला बाजारात शेवटची एक किंमत होती, आणि दलाल पुढे कुठं नेतो हे बरेच मालक विचारत नसत, हिंदूही आणि मुसलमानही. 'घरातला पोरगा' या उत्तराची खरी परीक्षा तिथं होती. मामू त्या परीक्षेत पास झाले, पण मुमानीच्या पैशांवर. तो बैल पाच वर्षं बसून खात होता आणि छपरासाठी साठवलेली भिशी त्यात गेली.

एकदा तो आजारी पडला म्हणून रात्री टेम्पोत घालून डॉक्टरकडे नेत होते. रस्त्यात काही पोरांनी गाडी अडवली. टेम्पोत बैल, आणि चालकाशेजारी दाढीवाला माणूस, एवढं त्यांना पुरेसं होतं. मामू बैलाचं नाव सांगत राहिले, कुठल्या घाटात कितवा आला ते सांगत राहिले. शेवटी भागीदाराला फोन लावला. तो मोटारसायकलवर बनियनवरच आला, पोरांना त्यानं शिव्या दिल्या आणि टेम्पोच्या पुढे गाडी ठेवून डॉक्टरपर्यंत सोबत गेला. ज्या बैलामुळं मामूंना नाव मिळालं होतं, त्याच बैलाशेजारी बसलेले असताना त्या रात्री ते नाव कामाला आलं नाही. हे मामूंनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला भागीदाराकडून कळलं.

मामू 2020 मध्ये गेले. बैल त्यांच्या आधी काही महिने. छप्पर आता स्लॅबचं आहे, मुमानीनं दोन म्हशींच्या दुधावर ते पुरं केलं.

शर्यती सुरू झाल्यावर मामेभावानं बैल घ्यायचं काढलं. मला वाटलं मुमानी घर डोक्यावर घेईल. ती एवढंच म्हणाली, एकटा जाऊ नको. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात तो आणि भागीदाराचा मुलगा दोघं गेले, एक खोंड पसंत केला, पैसे निम्मे-निम्मे दिले. पावती फाडताना कारकुनानं नाव विचारलं तर मामेभावानंच भागीदाराच्या मुलाचं नाव सांगितलं. खोंड मामेभावाच्या दावणीला आहे. पावतीची झेरॉक्स लॅमिनेट करून टेम्पोच्या काचेमागे लावलेली असते.