स्तरित स्फटिकांचे कुळ आणि पुणे

स्वीडनमधील रसायनज्ञ बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी 1949 साली बिस्मथच्या काही संमिश्र ऑक्साइडांची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, तेव्हा बिस्मथ व ऑक्सिजन यांचा एक पातळ स्तर, त्यावर ऑक्सिजनच्या अष्टफलकांचे काही मजले, आणि पुन्हा बिस्मथचा स्तर, असा अखंड चाललेला क्रम प्रथमच दृष्टीस पडला. हे स्फटिक बाह्य विद्युत्क्षेत्रावाचूनही ध्रुवीकृत राहतात आणि क्षेत्र उलटे लावले असता त्यांचे ध्रुवीकरणही उलटते, हा त्यांचा फेरोइलेक्ट्रिक स्वभाव मात्र आणखी दहा वर्षांनी, लेनिनग्राडच्या स्मोलेन्स्की यांच्या संशोधनातून, उजेडात आला. आणि हे एक सबंध कुळच आहे, अशी साधार मांडणी 1962 मध्ये अमेरिकेतील वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या ई. सी. सुब्बराव यांनी केली. तेच सुब्बराव पुढे कानपूरच्या आयआयटीत अध्यापन करून, 1981 साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले संचालक म्हणून या शहरात आले. या शतकाच्या आरंभी याच शहरातील पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही याच कुळातील बेरियम-बिस्मथ-नायोबेटाची सूक्ष्म भुकटी सिद्ध केली.

आता या फेरोइलेक्ट्रिक गुणावर दाबाचा काय परिणाम होतो, त्याविषयी. बेरियम टायटनेट हा स्तरहीन पदार्थ खोलीच्या तापमानाला वातावरणाच्या सुमारे वीस हजार पट दाबाखाली आपले ध्रुवीकरण गमावतो. कारण आयनाला अष्टफलकाच्या मध्यापासून ढळवणाऱ्या दूरगामी विद्युत्-बलांपेक्षा शेजाऱ्यांमधील निकट-प्रतिकर्षण दाबाबरोबर अधिक वेगाने वाढते. स्तरित पदार्थांत हा हिशेब इतका सरळ राहत नाही, आणि मला तर साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच दिसते. हिऱ्यांच्या ऐरणीत दाब सर्व बाजूंनी सारखा दिला, तरी बळकट बंधांनी बांधलेला स्तर थोडा आणि स्तरांमधील दुर्बळ जागा पुष्कळ, असा विषम संकोच होतो, आणि अष्टफलकही कलू शकतात. तांबे, इंडियम, फॉस्फरस व गंधक यांच्या, बिस्मथच्या कुळाबाहेरील एका स्तरित संयुगात, जे साधारण 42 अंश सेल्सिअसपर्यंतच फेरोइलेक्ट्रिक राहते, दाब वाढवला की ती मर्यादा खाली येण्याऐवजी वर चढते. मात्र सुमारे चाळीस हजार वातावरणांच्या दाबाला त्याची रचनाच पालटते. एकाच दाबाने एका पदार्थाचा गुण नष्ट व्हावा आणि दुसऱ्याचा बळावा, याचा खुलासा केवळ रासायनिक सूत्रावरून होत नाही. त्यासाठी स्तरांची ठेवणच तपासावी लागते.

पुण्यातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी सुब्बरावांचा तो 1962चा निबंध मुळातून अवश्य वाचावा.