तळटीप : मुंबईतली डेव्हिस कप ‘फायनल’

लेखक भायखळ्याहून मित्रांबरोबर टेनिसची जी ‘डेव्हिस कप फायनल’ बघायला गेले, ती १९६३ सालची, क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर झालेली भारत-अमेरिका लढत. अंतिम खरी, पण आंतरविभागीय. त्या काळी गतविजेता देश वर्षभर स्वस्थ बसे. बाकीचे देश अमेरिका, युरोप आणि पूर्व अशा विभागांत आपापसांत झुंजत, मग विभागांचे विजेते एकमेकांशी भिडत. यातून जो उरे त्यालाच गतविजेत्याला आव्हान देता येई, तेही त्याच्याच देशात जाऊन. पूर्व विभाग १९५०च्या दशकात निघाला. त्याआधी भारतीय संघाला थेट युरोप विभागात खेळावं लागे. रामनाथन कृष्णन, जयदीप मुखर्जी, प्रेमजित लाल यांच्या पिढीला घराजवळच्या लढती मिळाल्या त्या या फेररचनेमुळे. मुंबईत मात्र अमेरिकेने ५-० असा धुव्वा उडवला. (भारताचं ‘थोडक्यात हुकलं’ असं लेखक लिहितात, ते भायखळेकरी प्रेम म्हणायचं.) त्याच अमेरिकन संघाने पुढे डिसेंबरात ॲडलेडला ऑस्ट्रेलियाकडून ३-२ने कप खेचून नेला. गतविजेत्याची ही ऐट १९७२पासून संपली. म्हणून १९७४ साली पूर्व विभागात ऑस्ट्रेलियाला कलकत्त्यात आणि पुढे सोव्हिएत संघाला पुण्यात हरवणारा भारत खऱ्याखुऱ्या अंतिम फेरीत पोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही, आणि कप न खेळता तिकडे गेला.