वाटेवरची दोघे

राऊच्या सडकेवर तिन्हीसांजेला शेतातून परतणारे जोडपे पाहावे. पुरुष चार पावले पुढे, डोक्यावर भारा घेतलेली स्त्री मागे. बोलणे क्वचितच. तरी ही दोघे एकमेकांची आहेत, हे दुरूनही कळते. ते कशावरून कळते, हे चित्रकाराला विचारावे.

आउगुस्ट माके या जर्मन चित्रकाराने १९१३ मध्ये ‘फेरफटका’ या अर्थाच्या नावाचे एक चित्र रंगविले. झाडांखाली रमतगमत हिंडणारी शहरी माणसे; पण चेहऱ्यांना नाकडोळे नाहीत. भाव आहे तो मानेच्या कलात, दोघांमधील अंतरात, भोवतीच्या हिरव्या-निळ्या रंगांत. निसर्ग दिसतो तसा नव्हे, मनावर उमटतो तसा रंगवावा, हाच अभिव्यक्तिवाद्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी, १९१४ च्या सप्टेंबरात, अवघ्या सत्तावीस वर्षांचा माके फ्रान्समधील रणांगणावर पडला. १९३७ मध्ये तर नाझी सत्तेने या पंथाची चित्रे ‘अधःपतित कला’ म्हणून म्यूनिचमध्ये टांगली.

परंतु हाकललेली कला दूरवर रुजते. व्हिएन्नाचा निर्वासित चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आला आणि त्याच्या घरी तरुण चित्रकारांची ये-जा सुरू झाली. १९४७ मध्ये तेथे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यातील मकबूल फिदा हुसेन यांचे बालपण इंदूरचे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात उभारलेल्या कलाशाळेचे ते विद्यार्थी. नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकरही तेथलेच. निसर्गचित्र हे त्या शाळेचे बलस्थान. महाराजा यशवंतराव होळकरांच्या माणिकबागेत त्याच सुमारास युरोपची आधुनिक कला येत होती खरी. पण या मुलांना मोकळा कुंचला दिला तो, माझ्या मते, माळव्याच्या उन्हाने आणि काळ्या मातीने.

बेंद्रे यांच्या ‘काटा’ या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात घनवादाचा संस्कार अधिक, हे मान्य. तरी पायात रुतलेल्या काट्याचा विषय ज्याला सुचला, त्याने अनवाणी चालणारी माणसे जवळून पाहिली असली पाहिजेत. माकेची माणसे सहलीला निघाली आहेत. आपली घरी परतत आहेत.

राऊच्या त्या जोडप्याचे चित्र मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. कोणी रंगविलेच, तर चेहरे नसले तरी चालेल. पुढच्याची पाठ, मागचीचा भारा आणि मधली चार पावलांची मोकळी वाट, एवढे त्यात हवे.