तीन रेघांच्या आड आपलं गाव

मंडळी, गावातल्या काही पोरांसोबत उधव्याची एक साधी वेबसाइट बनवायला घेतलीय. फोटो जमले, माहितीही जमली. अडलो कुठे, तर वरच्या पट्टीवर. नॅव्हिगेशन बार म्हणतात ती. कोड दहा-बारा ओळींचा. पण पट्टीत शब्द कोणते ठेवायचे, यावरच आठवडा गेला.

का, ते सांगतो. ओळखीतले एक आजोबा मोबाइलवर सातबारा बघायला बसले. हातातल्या जुन्या कागदावर 'जि. ठाणे'. म्हणून त्यांनी ठाणे निवडलं. त्यात तलासरी नाहीच! "जमीन गेली का काय?" म्हणून घाबरले. जमीन कुठे जाते? कोकण विभाग, मग पालघर, मग तलासरी, मग गाव, असा रस्ता होता. चूक कुणाचीच नव्हती. कागद जुना आणि पत्ता नवा.

आपला पत्ता किती वेळा बदललाय बघा. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची मोठी सभा झाली, वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची सुरुवात तिथली. तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात. १९६० ला राज्याचे दोन भाग झाले, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. उरलेली गावं १९६१ ला डहाणूला जोडली, पुढे त्यांतून तलासरी वेगळं झालं. मग १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. माणसं जागच्या जागी, वरची पाटी मात्र बदलत राहिली. म्हणून जुन्या पुस्तकात झरी शोधायचं तर तलासरीखाली नाही, उंबरगावखाली बघावं लागतं.

वेबसाइटची पट्टी म्हणजे तरी काय, अशीच पाटी. गंमत म्हणजे, त्याच २०१४ च्या ऑक्टोबरात एचटीएमएल ५ अधिकृत मानक झालं आणि पट्टीसाठी 'नॅव्ह' हा स्वतंत्र टॅग त्यात पक्का झाला. त्याआधी लोक टेबल नाहीतर साधे डबे वापरून काम भागवायचे. या टॅगचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. पण ज्यांना दिसत नाही आणि जे फोनचं वाचन ऐकून वापरतात, त्यांना 'पट्टी इथे आहे' हे लगेच कळतं.

दुसरी अडचण तीन रेघांची. मोबाइलवर जागा कमी, म्हणून सगळी पट्टी तीन आडव्या रेघांमागे लपवतात. हे चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं होतं, ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी. आपल्याकडे बहुतेक जण वेबसाइट बघणार मोबाइलवरच. त्या रेघा दाबायच्या असतात, हे आजीला कोण सांगणार? तिच्या दृष्टीने पान तिथेच संपलं.

म्हणून आम्ही ठरवलं. रेघा नकोत. चारच शब्द, मोठ्या अक्षरात, कायम समोर: सातबारा, वनहक्क, दाखले, शाळा-दवाखाना. विभागांची नावं पट्टीत नाहीत. माणूस 'महसूल' शोधायला येत नाही, तो सातबारा शोधायला येतो. सरकारी साइटवरचं काम असेल तिथे नुसती लिंक नाही, कुठे काय दाबायचं तेही क्रमाने लिहू. आणि खाली एक ओळ: 'तुमच्या कागदावर ठाणे, डहाणू किंवा उंबरगाव लिहिलंय? इथे दाबा.' तिथे हा सगळा बदल सोप्या भाषेत असेल.

पट्टीत जे नाही, ते लोकांसाठी नाहीच, असं होतं. तेव्हा एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "मोबाइलवर पहिलं काय शोधशील?" आणि खाली लिहा. पाचव्या शब्दाची जागा रिकामी ठेवलीय.