‘पडदा पडतो’ आणि ‘अंधार’ : झाडीपट्टीच्या उजेडाविषयी

जुन्या मराठी नाटकाच्या छापील प्रतीत अंकाच्या शेवटी कंसात दोन शब्द असतात : ‘पडदा पडतो’. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या संहितांत त्यांच्या जागी बहुधा एकच शब्द दिसतो : ‘अंधार’. साहित्याचे अभ्यासक या रंगसूचनांवरून नजर फिरवून पुढच्या संवादाकडे वळतात. आमच्या मते मराठी नाट्यलेखनातला एक मोठा बदल या दोन सूचनांच्या मध्ये दडलेला आहे. ‘पडदा पडतो’ असे लिहिणाऱ्या नाटककाराला उजेड बंद करता येत नव्हता. ‘अंधार’ लिहिणाऱ्याच्या हाताशी वीज होती, डिमर होता आणि तो चालवणारा प्रकाशयोजनाकारही होता. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ने या दोहोंना तिसरा पर्याय दिला. तिथे माणसांची रांगच पडदा झाली. नाटक कशाने झाकायचे आणि कशाने उघडायचे, यावर ते कसे लिहायचे हे किती अवलंबून असते, हे त्या प्रयोगाने शहरी प्रेक्षकाला दाखवले. मात्र हा प्रश्न शहराबाहेर, आणि तोही फार मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर, बराच काळ उभा आहे. त्याकडे समीक्षेने क्वचितच पाहिले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातले सिंदेवाही हे भाताच्या प्रदेशातले तालुक्याचे गाव. तिथल्या कृषी संशोधन केंद्राचे कामही मुख्यतः धानाचे. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी रेल्वे वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत सिंदेवाहीवरून पुढे मूलकडे जाते. झाडीपट्टी रंगभूमीचा नकाशा काढायचा तर हा लोहमार्ग आधी रेखावा लागेल. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे व्यापारी केंद्र, तिथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावात सदानंद बोरकरांसारखे नाटककार आणि त्यांचे व्यंकटेश नाट्य मंडळ आहे. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीची दखल घ्यावी लागली. (दखल बातमीपुरती होती. नाटकांवर कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

धान कापून घरात आले, दिवाळी झाली, मंडया भरू लागल्या की इथला नाटकाचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी जोडी ठरलेली असे. रिकाम्या बांधीत मंच उभा राहतो. काही ठिकाणी प्रेक्षकांच्या जागेची माती खोदून ती मंचासाठी वापरतात. त्यामुळे मंच उंचावतो, बैठक खोल जाते आणि मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटे संपते. आसपासच्या गावांतून बैलगाड्यांनी आलेला माणूस मध्यरात्री जंगलातून परतणार कसा, हे त्याचे कारण नेहमी सांगितले जाते, आणि वाघांच्या या मुलखात ते पटण्याजोगे आहे. म्हणजे नाटकाची लांबी ठरवण्यातही अंधाराचा वाटा होता. उजाडेपर्यंत लोकांना धरून ठेवायचे, तर तेवढे कथानक हवे, तेवढी गाणी हवीत, विनोदी पात्र हवे, नृत्य हवे. ‘ही नाटके पसरट असतात’ हा आक्षेप घेणाऱ्याने आधी घड्याळ आणि मग जंगल पाहावे.

या नाटकाआधी या भागात दंडार होती, खडी गंमत होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीबरोबरच या लोककलांचाही अभ्यास केला आहे. दंडारीचा उजेड टेंभ्याचा. टेंभा हातात धरला जातो, त्यामुळे उजेडाला एक माणूस असतो. तो नटाबरोबर सरकतो आणि ज्याच्यावर टेंभा धरला तो त्या क्षणी मुख्य पात्र ठरतो. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या खेळापासून पुढे पौराणिक नाटकात राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडवण्याची जी प्रथा होती, तिचे तत्त्वही हेच. उजेडाचा भपका हाच तिथे पात्राचा प्रवेश असे.

मग गॅसबत्ती आली. जाळीचा शोध १८८५च्या सुमाराचा, आउअर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाचा. पेट्रोमॅक्स हा दिवा बर्लिनच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात घडला, आणि त्याचे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले. गॅसबत्तीने गावच्या मंचाला दोन गोष्टी दिल्या : पांढरा, स्थिर, चहूकडे पसरणारा उजेड आणि अखंड सूं असा आवाज. तिच्यात हवा भरत राहावी लागते. तिच्याभोवती किडे जमतात. ती हळूहळू मंद करता येत नाही आणि क्षणात विझवून क्षणात पेटवताही येत नाही. म्हणून गॅसबत्तीच्या नाटकात ‘अंधार’ ही सूचना लिहिणे व्यर्थ होते. दृश्य संपवायचे तर पडदाच हवा.

पडदा म्हणजे रंगवलेला पडदा. रस्ता, राजवाडा, अरण्य, देऊळ, घर. हा पडदा खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. राजवाड्याचे खांब वाऱ्याने हलले तरी राजा ढळत नाही. चित्रकाराने स्थळाची हुबेहूब प्रतिमा द्यावी अशी अपेक्षाच नसते, त्याने स्थळाचे नाव रंगांत लिहायचे असते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर रंगवलेला पडदा हे जागेचे सामान्यनाम आहे. ‘रस्ता’ म्हणजे कोणताही रस्ता. विशेषनाम संवादांतून येते.

नाटककाराच्या कामाच्या दृष्टीने पडद्याचा दुसरा गुण याहून महत्त्वाचा. पुढचा पडदा सोडून त्याच्यासमोर दोन पात्रांचा रस्त्यावरचा प्रवेश चालू ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात मागे सिंहासन, पलंग, तुळस मांडून घ्यायची, ही युक्ती पारशी कंपन्यांची, संगीत मंडळींची आणि पुढे झाडीपट्टीचीही. त्यामुळे संहितेला एक लय येते : एक खोल प्रवेश, एक उथळ प्रवेश, पुन्हा एक खोल. उथळ प्रवेशात नोकर भेटतात, विनोद होतो, बातमी कळते, गाणे होते. संगीत नाटकांतले विनोदी उपकथानक मुख्य कथेला ‘चिकटवलेले’ वाटते अशी टीका वर्गांत शिकवली जाते. चिकटवलेले असेलही, पण ज्या जागी ते चिकटवले ती जागा पडद्याने आखून दिली होती. झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी पात्र ठरावीक अंतराने परत का येते, याचेही निदान अर्धे उत्तर इथे आहे, असे आम्हांस वाटते.

पांढऱ्या पडद्यावर उजेडानेच चित्र काढण्याची कला मराठी मुलखाला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा आणि मध्ये बाहुली, अशी ती रचना. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ सुरू केला. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे भरभर बदलून ते पडद्यावर हालचालीचा भास उभा करीत, आणि सोबत निवेदन व संगीत चाले. म्हणजे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे हलली, त्याआधीच कल्याणला उजेडाची चित्रे हलू लागली होती. शंबर हा मायावी असुर. त्याच्या नावावरून यंत्राला नाव देणाऱ्या माणसाला आपण माया विकतो आहोत याची जाणीव होती. पुढे १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रागच्या आल्फ्रेड रादोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी जिवंत नट व चित्रफीत एकत्र आणणारा प्रयोग केला. त्याचे नाव ‘लॅटर्ना मॅजिका’. अर्थ तोच, जादूचा कंदील.

रंगवलेल्या पडद्याकडून उजेडाच्या पडद्याकडे जाणारी वाट एका माणसाच्या आयुष्यातही दिसते. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आधी आनंदरावांबरोबर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. मग त्यांनी ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. पण ही वाट कोल्हापूरात नाटकाकडून सिनेमाकडे गेली. नाटकाच्याच मंचावर नटामागे प्रक्षेपित चित्र आणायचे, हा वेगळा आणि अवघड मामला. बर्लिनमध्ये पिस्काटरने १९२०च्या दशकात ते केले आणि युद्धाच्या चित्रफिती नटांच्या मागे लावल्या. अडचण साधी आहे. प्रोजेक्टरला अंधार हवा, नटाला उजेड हवा, आणि मंच एकच.

हिशेब करून पाहावा. ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच पडद्यावर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरला जेमतेम दोनशे ल्युमेन मिळतात. नटाचा चेहरा दुरून वाचता यावा म्हणून त्यावर याच्या दुपटी-तिपटीने उजेड टाकावा लागतो. त्यातला थोडा जरी मागे सांडला तरी चित्र फिके पडते. म्हणून प्रोजेक्टर वापरणारा दिग्दर्शक नटाला पडद्यापासून पुढे आणतो आणि दिवे बाजूने लावतो. एलईडी भिंतीने ही अडचण सोडवली, पण दुसरी निर्माण केली. तिला कोणाचा उजेड लागत नाही, ती स्वतःच दिवा आहे. मंचावर ५०० लक्स उजेड असेल तर माणसाच्या सावळ्या चेहऱ्याची चकाकी चौरस मीटरला साधारण पन्नास कँडेला भरते. त्याच उजेडातल्या रंगवलेल्या पडद्याची चकाकीही याच पट्ट्यात, फार तर दुप्पट. पूर्ण जोरात चाललेल्या एलईडी भिंतीची मात्र हजारांच्या घरात जाते. चेहऱ्याच्या वीसपट उजळ पार्श्वभूमी. डोळा उजळ जागेला जुळवून घेतो आणि नट त्याच्यापुढे आकृती होऊन उरतो. भिंत मंद करता येते, जाणकार तंत्रज्ञ करतोही. पण जिचे भाडे मोजले ती मंद ठेवायला आयोजक सहसा तयार नसतो.

रंगवलेला पडदा आणि नट एकाच दिव्याखाली उभे असतात, दोघेही दुसऱ्याच्या उजेडाचे ऋणी. प्रकाशमान भिंत आली की हे नाते मोडते. मैफलीत हेच घडताना दिसते. १९५३पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात पडद्यामुळे मागच्या रसिकाला गायकाची बोटे आणि भुवई दिसते, ही त्याची कमाई नाकारता येणार नाही. खोदलेल्या बैठकीने जे काम केले तेच हा पडदा करतो. पण तिथे पडदा गायकाचाच चेहरा मोठा करतो. गायकाच्या मागे ढग, कमळे आणि फिरती चक्रे हलू लागली की ख्याल आणि चक्र यांत डोळा चक्राकडे जातो, कारण हलत्या उजेडाकडे वळणे ही डोळ्याची उपजत सवय आहे. महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांविषयी काय लिहावे! दिवे मालवले जातात, वक्ता पडद्याच्या कडेला सावलीत उभा राहून पडद्यावरचेच वाक्य वाचतो, आणि टिपणे घेणाऱ्याला आपली वही दिसत नाही. चांगल्या प्रकाशयोजनेला पडदा लागतोच असेही नाही. कोलकात्यात तापस सेन यांनी ‘अंगार’ (१९५९) या नाटकात खाणीत चढत जाणारे पाणी केवळ दिव्यांनी दाखवले. त्या पाण्यात बुडणारी माणसे शेवटपर्यंत दिसत होती, नाटकाचा विषयही तीच होती.

आता झाडीपट्टीकडे. जनित्र, हॅलोजन, रंगीत दिवे, मोठा ध्वनिसंच तिथे केव्हाच पोहोचले आहेत. लग्नात आणि प्रचारसभेत भाड्याने मिळणारी एलईडी भिंत बांधीतल्या मंचावर येणे ही फक्त दराची बाब आहे. ती आली म्हणून गळा काढण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ही रंगभूमी तिकिटावर जगते, सरकारी अनुदानावर नव्हे. आपल्या प्रेक्षकाला काय हवे ते तिला आमच्यापेक्षा बरे कळते. आमची चिंता संहितेची आहे. भिंतीवर चित्र क्षणात बदलते. मागे सिंहासन मांडण्यासाठी कोणाला वेळ द्यावा लागत नाही, मग रस्त्यावरच्या उथळ प्रवेशाची गरज संपते. तो गेला तर विनोदी पात्राची बसायची जागा जाते. गाण्याला मिळणारा श्वासही जातो. शिवाय भिंतीवर रस्ता ‘कोणताही’ राहत नाही, तो कुठला तरी नेमका, छायाचित्रातला रस्ता होतो, आणि संवादांनी विशेषनाम पुरवण्याचे काम संपते. नवरगावचा किंवा वडशाचा नाटककार उद्या याहून घट्ट, याहून छोटे नाटक लिहील. ते कदाचित अधिक चांगलेही असेल. पण आज जे लिहिले जाते त्याच्या हस्तलिखित प्रती आणि रंगवलेले पडदे कोणत्याही विद्यापीठाच्या मराठी विभागाने जमवून ठेवायला हवेत. त्यातही पडदे आधी, कारण ओल आणि उंदीर त्यांना प्रतींइतकाही वेळ देत नाहीत.

एक गोष्ट मात्र दिव्यांच्या हातात नाही. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि शेवटचा अंक ऐन रंगात असताना पूर्वेला फटफटू लागते. प्रोजेक्टर लावलेला असेल तर त्याचे चित्र सर्वांत आधी पुसट होईल. उन्हे वर आली की भिंतीचा तोराही कमी होईल. रंगवलेला पडदा त्या उजेडात दिसत राहतो, जरा कळकट, शिवणी उघड्या पडलेला. त्याच उजेडात नटाच्या चेहऱ्यावरचा रंगही तसाच दिसतो, आणि तणसावर बसलेली माणसे घोंगड्या गोळा करता करता शेवटचे संवाद ऐकत असतात.