काडीमोडीनंतरचे मूल

घटस्फोट ही शिकलेल्या शहरी माणसांची नवी गोष्ट आहे आणि मुलाच्या ताब्याचे भांडण तिच्यामागून कोर्टातून आपल्याकडे आले, अशी समजूत आहे. सोलापूरच्या इतिहासात तिला आधार सापडत नाही. 1876-77 च्या दुष्काळाच्या सुमारास इथे जुनी गिरणी उभी राहिली. मग आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि तेलंगणातून माणसे येत राहिली. त्यांतल्या बहुतेक कष्टकरी जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावणे होते. घटस्फोट नव्हता तो वरच्या जातींत; त्यांना ती वाट 1947 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने मोकळी झाली. आर्थर स्टील यांनी 1827 मध्ये सरकारसाठी दख्खनच्या जातींचे रिवाज संकलित केले, तेव्हाही सोडचिठ्ठी आणि पाट जुनेच होते. जातपंचायत बसे, देणेघेणे फिटे, काडी मोडली जाई. मुलांचे उत्तर बहुधा ठरलेले असे: ती बापाची. अंगावर पिणारे मूल तेवढे आईबरोबर जाई, तेही काही काळापुरते. आईने दुसरा पाट लावला की पहिल्या घरची पोरे सहसा मागे राहत. मूल वंशाचे, आईकडे ते सांभाळायला दिलेले, असा या रिवाजाचा अर्थ होता.

पंचायतीच्या बाजूने एक म्हणणे ऐकू येते आणि ते सहज झटकण्यासारखे नाही. निकाल जवळच्या माणसांपुढे लागे, वर्षानुवर्षे तारखा पडत नसत, आणि आईबाप एकाच पेठेत राहत असतील तर मूल दोघांच्या नजरेपुढे वाढे. आजच्या कोर्टात खेटे घालणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटला तर नवल नाही. पण नजरेपुढे वाढणे आणि कुशीत वाढणे एक नव्हे. पंचायतीत निवाडा पुरुषांचा असे, बाईला तो बहुधा ऐकून घ्यावा लागे, आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकण्याचे हत्यार पंचांच्या हाती होते. ते काढून घ्यायला महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

मग सरकारी कायदा मुलाच्या बाजूने होता का? सोलापुरात या प्रश्नाचे एक उत्तर तारेच्या कुंपणात आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट उभारली गेली. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे तिथे हजेरीच्या जाचात डांबली होती. 1911 च्या या कायद्याने सरकारला मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार दिला होता. त्या आईबापांनी काडीमोड घेतलेली नव्हती. त्यांचा जन्म हाच त्यांचा दोष ठरला होता. 31 ऑगस्ट 1952 ला कुंपण सुटले. मुलाचे हित हे शब्द सत्तेच्या तोंडी किती सहज बसतात, हे या शहराने फार जवळून पाहिले आहे, म्हणून त्या शब्दांमागे काय आहे ते तपासूनच पुढे जावे.

1890 च्या पालक-पाल्य कायद्यात मुलाचे कल्याण हा निकष होता, पण बाप हयात आणि लायक असेल तर दुसरा पालक नेमायला कोर्टाला मनाई होती. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बापाला पहिला नैसर्गिक पालक केले, आईला त्याच्यानंतर. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे ठेवला. ही आईची कदर आहे, असे म्हटले जाते. मला त्यात दूधपित्या मुलाचा जुना रिवाजच वयाचा आकडा लावून उभा दिसतो. त्याच सोलापुरातल्या मुसलमान कुटुंबांत हनफी परंपरेने मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. तिथेही पालकत्व बापाचेच. आकडा निराळा, विचार एकच. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात सांगितले, तेव्हा 1999 साल उजाडले होते.

माझ्या मते सोलापुरात आईचे पारडे जड झाले ते कलमांपेक्षा मजुरीने. बाई गिरणीत कामाला लागली, आणि गिरण्या बंद पडत गेल्यावर हजारो घरांत विडीच्या सुपावर संसार चालले. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी तुटपुंजी खरी, पण काम घरात बसून होई, मूल शेजारी असे आणि पैसा बाईच्या हाती येई. कुंभारीजवळ महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची सुमारे 10,000 घरे उभी राहिली. त्यांना गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. सासर सुटले तर पोराला घेऊन कुठे जाऊ, या प्रश्नावर एवढे ठोस उत्तर कोणत्याही कलमात नाही. यावर आक्षेप असा की आईची तुटपुंजी कमाईच कोर्टात तिच्याविरुद्ध जाते. तसा युक्तिवाद होतोही. पण मुलाच्या पोषणाचा खर्च बापाकडून वसूल करता येतो, तेव्हा गरिबी हे ताबा नाकारायचे कारण उरत नाही.

विधी आयोगाने 2015 मध्ये आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. दोन खोल्यांच्या घरात पोराच्या दोन बिऱ्हाडांची सोय कशी लागणार, हा प्रश्न यंत्रमागाच्या गल्लीत खराच आहे. पण दोन शाळा, दोन दप्तरे असा त्याचा अर्थ घ्यायचे कारण नाही. राहणे एकाकडे आणि निर्णय दोघांचे, अशीही वाटणी होऊ शकते. मला जास्त खटकते ते वेगळेच. समजत्या वयाच्या मुलाची मर्जी कोर्टाला विचारात घेता येते, हे 1890 च्याच कायद्याच्या 17 व्या कलमात लिहिलेले आहे. आठ-दहा वर्षांच्या पोराला न्यायाधीशाच्या दालनात बसवून, आईबापांना बाहेर ठेवून, तुला कुठे राहायचे आहे असे विचारता येते. घाईत आणि वकिलांच्या धाकात नव्हे, तर पोर बोलते होईपर्यंत थांबून विचारायला हवे. पंचांनी ते कधी विचारले नव्हते.